सेंटरला कडुलिंब

आमच्या घरात वहाणांचा जोड एकच होता, आणि तो आप्पांच्या पायाच्या मापाचा. ज्याला गावाबाहेर जायचं असेल त्यानं तो घालायचा, बाकीच्यांनी अनवाणी. आई कुणाच्या लग्नाला निघाली की आप्पांच्याच वहाणा घालून, निऱ्या जरा खाली सोडून निघायची. थोरला भाऊ शिरूरच्या बाजाराला गेला तर त्या दिवशी आप्पा दुसऱ्याच्या विहिरीवर मोट हाकायला अनवाणी जात. निमोण्यात, म्हणजे आमच्या गावात, आमचा जमिनीचा एक तुकडा होता. पाऊस झाला तर त्यात बाजरी यायची, नाही झाला तर दगड दिसायचे. म्हणून आप्पा दुसऱ्याच्या मोटेवर आणि आई दुसऱ्याच्या कांद्यात खुरपायला. घरात वाचता कुणालाच येत नव्हतं. पत्र आलं की शाळेतल्या मास्तरांकडे न्यायचं, आणि ते नेताना आधी वहाणा कुणाच्या पायात आहेत ते बघायचं.

मी गावात सातवी झालो तेव्हा महाराष्ट्र व्हायचा होता. भिंतीभिंतीवर मुंबईसकट महाराष्ट्र लिहिलेलं असायचं आणि मला ते घडाघडा वाचता यायचं, याचा आईला फार अभिमान. पण पुढं शिकायचं तर शिरूरला, आणि शिरूरला राहायचं तर बोर्डिंगात. बोर्डिंगात जागा थोड्या, त्यातल्या काही फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना राखलेल्या.

याला कारण शिरूरच्या हायस्कुलातले ड्रिल मास्तर. तरुणपणी ते दौंडला लोको शेडमध्ये होते. तिथं रेल्वेच्या साहेबलोकांच्या टीमला माणूस कमी पडला की यांना उभं करायचे. तिथं फुटबॉल त्यांच्या अंगात शिरला तो निघालाच नाही. शिरूरला मास्तर होऊन आले ते चेंडू काखेत मारूनच. ज्या पोरांनी सुरपारंब्या आणि हुतूतूपलीकडं काही पाहिलं नव्हतं त्यांनाच घेऊन त्यांनी दरसाल दौंडच्या पोरांना हरवून कप आणला.

एकदा ते आमच्या गावात लग्नाला आले होते. मी काठी न घेता, नुसता हात वर करून चिंचा तोडत होतो. त्यांनी ते पाहिलं आणि थेट आप्पांना गाठलं.

"पोरगं मला द्या. गोलात उभं करतो."

"गोल म्हंजी काय?" आप्पा म्हणाले.

"दोन खांब असतात. त्यांच्या मधे उभं राहायचं."

आप्पांनी विचार केला. "बरं हाय. घरी बसण्यापरीस उभं राहिल्यालं बरं."

असा मी शिरूरला गेलो. पण गोलात उभा राहिल्यावर एक गोष्ट उघडकीला आली. चेंडू आला की माझे डोळे आपोआप मिटायचे. मास्तरांनी पुष्कळ उपाय केले, शेवटी मला बाजूला काढलं. घरी मात्र धाडलं नाही. "राहू दे," म्हणाले, "एवढी उंची वाया जायची नाही. कधीतरी लागेल." मग मी पाणी भरायचो, चेंडूला हवा भरायचो आणि म्हसोबाला शेंदूर लावायचो.

म्हसोबाचं सांगितलं पाहिजे, कारण तो आमच्या ग्राउंडच्या बरोब्बर मधोमध होता. तिथं एक जुना कडुलिंब, त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला धोंडा. ग्राउंड मागून झालं, देव आधीचा. सेंटरचं वर्तुळ आम्ही फक्कीनं त्या बुंध्याभोवतीच आखायचो. चेंडू म्हसोबाला लागला की खेळ थांबायचा. मारणारा कुणी का असेना, सगळ्यांनी आहे तिथं उभं राहायचं, हात जोडायचे, कान धरायचे, "चुकलं देवा" म्हणायचं आणि मग पुढं खेळायचं. अशी कटकट नको म्हणून पोरं मधून जायचीच नाहीत. चेंडू कायम कडंकडंनं, झाडाला वळसा घालून.

दौंडच्या ग्राउंडवर झाड नव्हतं. तिथं मास्तर काय करायचे, तर खेळ सुरू व्हायच्या आधी मधोमध जाऊन एक नारळ फोडायचे. बस्स. आमच्या पोरांना तेवढं पुरायचं. नारळ फुटला की तिथं म्हसोबा आला, म्हसोबा आला की झाड आलं. पोरं त्या नसलेल्या झाडाला वळसे घालत कडंनं पळायची. दौंडची पोरं आज ना उद्या हे मधून येतील म्हणून मधेच दबा धरून बसायची. कुणी मधून येतच नव्हतं. दरसाल त्यांना हे कळायच्या आत खेळ संपलेला असायचा.

मग ड्रिल मास्तर निवृत्त झाले.

त्याच साली नवे हेडमास्तर आले होते. माणूस चांगला, पण सुधारणेची फार हौस. त्यांनी सत्कार समिती नेमली आणि ठरवलं की शाल-श्रीफळ सगळेच देतात, आपण मास्तरांना आगळी भेट द्यायची. स्टेजवर मास्तरांची खुर्ची ग्राउंडकडं पाठ करून ठेवली होती. हार घातल्यावर हेडमास्तर म्हणाले, "आता आपल्या लाडक्या मास्तरांना त्यांची भेट दाखवू या." दोघांनी मास्तर बसलेली खुर्ची उचलून फिरवली.

ग्राउंड सपाट होतं. कडुलिंब नव्हता. म्हसोबा कोपऱ्यात नेऊन त्याच्यावर नवी पत्र्याची शेड घातली होती.

"निर्दोष मैदान," हेडमास्तर म्हणाले. टाळ्या पडल्या.

मास्तर खुर्चीतून उठून स्टेजच्या कडेपर्यंत आले. मग त्यांनी विचारलं, "लाकडाचं काय केलं?"

"गोलचे नवे खांब. आपल्याच झाडाचे."

"बरं केलंत," मास्तर म्हणाले. शाल काखेत मारली आणि दौंडला जायची एस.टी. पकडली. त्यांचा मुलगा तिथं रेल्वेत होता, आता ते त्याच्याकडंच राहणार होते. लोक म्हणाले, आनंदानं गहिवरले, बोलवेना.

पोरांना शिकवायचं काम चित्रकलेच्या सरांवर आलं. त्यांना चष्मा होता, खोकला होता, आणि त्यांचा तास शेवटचा असायचा. हा तिसरा गुण हेडमास्तरांना पुरला.

"मला फुटबॉल काढता येतो," सर म्हणाले, "खेळता येत नाही."

"काढता येतो ना? मग निम्मं झालंच," हेडमास्तर म्हणाले.

पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी टीमपुढं भाषण केलं. आता मैदान मोकळं आहे, मधून जा, छाती काढून जा. इथं सगळं बिघडलं. शिरूर गावातली पोरं शिकल्यासवरल्या घरची, ती मधून गेली. आमच्या खेड्याकडच्या पोरांना मधून जाववेना. टीम एकच, पण निम्म्या टीमला झाड दिसायचं आणि निम्म्या टीमला दिसायचं नाही. गावातला पोरगा मधल्याकडं पास द्यायचा, तिथं कुणीच नसायचं. आमचा पोरगा वळसा घालून यायचा, तोवर चेंडू विरुद्ध टीमकडं. त्यात गोलचे खांब कडुलिंबाचे. त्यांच्याजवळून चेंडू मारायचा तर खेड्याकडच्या पोरांचा पाय आधी थबकायचा. आम्ही सगळ्यांशी हरलो. केडगावाकडनं एक टीम आली होती, तिच्यात दोघं तर लंगडत खेळत होती. त्यांच्याशीही हरलो.

मग हेडमास्तरांनी आपला हुकूम काढला. दौंडच्या मॅचला जे अकरा प्रत्यक्ष खेळतील तेवढीच खेळाडू म्हणून बोर्डिंगात राहतील. शेंदूर लावणाऱ्याला आणि हवा भरणाऱ्याला ते खेळाडू समजत नव्हते. म्हणजे माझी शाळा दौंडच्या मॅचपर्यंत. त्यानंतर मोट. सुट्टीत घरी गेलो तेव्हा आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "ये मग. मोटंवर वहाणाबी लागत न्हाईत." रागानं नव्हे, माझी समजूत घालायला म्हणाले. आई तेव्हा चुलीकडं तोंड करून बसली होती, ती उठली नाही.

इकडं शिरूर गावानं उपाय सुरू केले. पहिला उपाय, म्हसोबाला परत मधे आणायचा. त्याची पूजा करणारे एक आबा होते, त्यांनी कौल लावला. देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवली. उजवं पडलं तर देव यायला तयार, डावं पडलं तर नाही. सगळं गाव बघत होतं. डावं पडलं. परत लावलं, परत डावं.

"न्हाई म्हणतोय," आबा म्हणाले.

"का पण?" हेडमास्तर म्हणाले.

"आवो, इतकी वर्सं उन्हात काढली. आता पत्रा मिळालाय डोक्यावर. तुमी गेला असता का?"

हेडमास्तरांनी देवाला दोष दिला नाही, कारण पत्रा त्यांनीच घातला होता.

पावसाळा सरता सरता एक गंमत झाली. मधल्या जागेत कुणी पाय ठेवत नव्हतं, निदान निम्मी टीम तरी. बाकी ग्राउंड तुडवून उघडं पडलेलं आणि बरोब्बर मधे वीतभर गवत. एका संध्याकाळी खेळ चालू असताना कुणाची तरी म्हैस आली आणि त्या गवतात उभी राहून चरायला लागली. सरांनी हुसकायला सांगितलं. कुणी जाईना, शिंगं मोठी होती. तसाच खेळ चालू ठेवला.

आणि पोरं खेळायला लागली. गावातली असोत, खेड्यातली असोत, सगळ्यांना म्हैस दिसत होती. सगळ्यांनीच वळसा घातला. चेंडू कडंनं गेला, पास जिथं माणूस तिथंच पोचला, दोन गोल झाले. मग मालक आला, म्हशीला घेऊन गेला, आणि पोरं पुन्हा एकमेकांवर आदळली.

सर चष्मा पुसत उभे होते. "ही म्हैस दौंडला नेता येईल का?" त्यांनी मला विचारलं.

"एस.टी.त घ्याचे न्हाईत, सर."

त्यांनी खरोखरच दौंडला विचारणा केली. उत्तर आलं, ग्राउंडवर जनावर चालणार नाही, खांब नाही, पिंप नाही, दोन्हीकडचे खेळाडू सोडून काही नाही. सर त्यावर एक तास बसून राहिले. चित्र काढायच्या आधी कोऱ्या कागदाकडं बघत बसायचे तसे. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आधी पायांकडं, मग हळूहळू वर.

"खेळाडू चालतात," ते म्हणाले. "तुला उभं राहता येतं ना?"

"व्हय."

"डोळे मिटून?"

"तसंच तर येतंय, सर."

दुसऱ्या दिवसापासून मी सेंटरला कडुलिंब झालो. मला सक्त ताकीद होती की हलायचं नाही. सुरुवातीला मी हात जरा बाजूला धरायचो, फांद्यांसारखे, पण सर म्हणाले तेवढं नको. खेड्याकडची पोरं मला वळसा घालायला लागली. गावातली पोरं मात्र माझ्यावर चेंडू मारून बघायची, म्हणायची, "काय देवा, लागलं का?" एकानं माझ्या पायाशी पाव कप चहा ओतला, नैवेद्य म्हणून. मी हललो नाही. मला शाळेत राहायचं होतं.

दौंडला आम्ही गेलो ते कांद्याच्या ट्रकमधून. दौंडचं ग्राउंड म्हणजे इंजिनाची राख पसरून सपाट केलेलं, काळं, कडक. त्यांची पोरं बूट घालून. आम्ही अनवाणी. पंच एक रेल्वेचा गार्ड होता, शिट्टी त्याच्या नोकरीचीच. मी मधे जाऊन उभा राहिलो. त्यांच्या कॅप्टननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि एवढा उंच माणूस मधे ठेवलाय म्हणजे काहीतरी डाव आहे असं धरून माझ्यावर पहारा बसवला.

पहाऱ्याचा पोरगा थोड्या वेळानं कंटाळला.

"तू पळत का न्हाईस?"

"माझं काम उभं राहायचं हाय."

"आन् बॉल आला तर?"

"येत न्हाई."

"आला तर, म्हणतोय मी."

"मी डोळं मिटतो."

तो आपल्या कॅप्टनकडं गेला आणि काहीतरी कुजबुजला. येताना अजून एकाला घेऊन आला.

पण पहिला अर्धा भाग वाईटच गेला. गावातली पोरं ऐन वेळी मला विसरली. मधून घुसली, माझ्यावर आदळली, चेंडू गेला, गोल बसला. मध्यंतराला हेडमास्तर माझ्याकडं बघतही नव्हते. ट्रकवाला हसत होता. मी आपला सेंटरलाच उभा राहिलो, पाणी प्यायलासुद्धा गेलो नाही, कारण सरांनी हल असं सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात दोरीखालून वाकून एक माणूस ग्राउंडवर आला. ड्रिल मास्तर. अंगावर तीच सत्काराची शाल. ते सावकाश चालत माझ्यापर्यंत आले.  खिशातून पुडी काढली, माझ्या कपाळाला शेंदूर लावला, माझ्या पायाशी खडीच्या एका मोठ्या दगडावर नारळ फोडला आणि हात जोडले. आमच्या सगळ्या टीमनं ते पाहिलं.

पंच धावत आला. "हे काय चाललंय?"

"पद्धत हाय," मास्तर म्हणाले. "दरसालची."

पंचाला आठवलं असावं. "नारळाचे तुकडे उचला फक्त," तो म्हणाला.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि माझ्याभोवतीची जागा मोकळी झाली. मला चहाचा नैवेद्य दाखवणारा पोरगासुद्धा लांबून वळसा घालायला लागला. चेंडू कडंनं निघाला, कडंनं पोचला, बरोबरी झाली. दौंडची पोरं मला राखत बसली होती. पहाऱ्यावर आता तिसरा आला होता.

"तुझ्या कपाळाला काय हाय?"

"शेंदूर."

तो दोन पावलं मागं सरला. त्याच्याही गावाला म्हसोबा असणार.

खेळ संपत आला तेव्हा त्यांच्या एका बूटवाल्यानं लांबून जोरात चेंडू हाणला. मला नेहमीप्रमाणं तो दिसला नाही, नुसता नडगीवर लागला. कळ मस्तकात गेली. मी डोळे उघडले तर सगळीकडं शांत. आमची अख्खी टीम जागच्या जागी उभी होती. सगळ्यांनी हात जोडले, कान धरले. "चुकलं देवा." त्यांना पाहून दौंडची पोरं थांबली. त्यांना वाटलं शिट्टी झाली. माझे पहारेकरी पंचाकडं बघत होते. गोल राखणाऱ्या त्यांच्या गोलीनं तर कंबरेवर हात ठेवून ओरडून विचारलं, "काय झालं?" कुणी सांगेना.

चेंडू माझ्या पायाशी होता. मी विचार केला. सगळ्यांनी माझी माफी मागितली होती. मला कुणाची मागायची नव्हती. तेव्हा मी चालायला लागलो.

पळालो नाही, पळायचा सराव नव्हता. पायानं चेंडू ढकलत, गोलाकडं चालत गेलो. माझ्या टीममधले खेड्याकडचे दोघं डोळे विस्फारून बघत होते, झाड निघालं म्हणून. गोली मला म्हणाला, "खेळ थांबलाय ना?" मी म्हणालो, "मला काय ठावं? मी नवा हाय." आणि लाथ मारली. पहिली लाथ चेंडूला लागलीच नाही. दुसरी लागली. चेंडू त्याच्या बुटांच्या मधून, सावकाश, आत गेला.

मग मात्र दंगा झाला. दौंडचे लोक ग्राउंडवर आले. "खेळ थांबला व्हता, सगळी पोरं हात जोडून उभी व्हती." पंचानं शिट्टी हातात धरून सगळ्यांना दाखवली. "ही वाजली का? नाही. मग खेळ चालू होता. आता कुणी कुणाला हात जोडावे हे रेल्वेच्या नियमात नाही." त्याच्यापुढं कुणाचं चाललं नाही.

ट्रकमध्ये हेडमास्तर माझ्या शेजारी बसले.  वाटेतलं न्हावरा मागं पडल्यावर म्हणाले, "तू अकरात होतास, नाही का?"

"व्हय सर."

"मग राहा."

चित्रकलेचे सर पलीकडं कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर झोपले होते. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "पुढच्या वर्षी जरा डावीकडं उभा राहा. सावली बरी पडेल."

पुढच्या वर्षीही मी उभा राहिलो, त्याच्या पुढच्याही. दौंडच्या टीमनं दुसऱ्या साली आपलाही एक उंच पोरगा मधे उभा केला होता, पण त्याला कुणी वळसा घातला नाही. त्यांच्याकडं ती पद्धतच नव्हती.

मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी आप्पा निमोण्याहून चालत आले. वहाणा हातात होत्या. झिजू नयेत म्हणून नव्हे, मला द्यायच्या म्हणून. "पुण्याला जायचं तर अनवाणी कसा जाशील?" म्हणाले. मी घातल्या. मला त्या घट्ट झाल्या. आमच्या घरात आप्पांपेक्षा मोठं पाऊल झालेला मी पहिलाच. तशाच घालून मी पुण्याला कॉलेजात गेलो, आणि बोटं आखडून चार वर्षं शिकलो.

मी बी.ए. झालो. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिला.